मॉडेल रेल्वेवरील विनोदी पाट्या

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवरील, म्हणजे छोट्या रेल्वेच्या संपूर्ण मांडणीवरील, काल्पनिक दुकाने, गोदामे आणि कारखाने यांना शाब्दिक कोटी साधून नावे देण्याची हौशी मंडळींतील जुनी प्रथा. इंजिने, डबे, रूळ बहुधा विकतचे असतात. मांडणाऱ्याचा स्वभाव दिसतो तो पाट्यांतून.

केवळ दुकानांपुरतेच हे थांबत नाही. हौशी मॉडेलकार जॉन ॲलन यांनी कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे उभारलेली, एचओ या ठरावीक मापाची ‘गोरी अँड डिफीटेड’ (Gorre & Daphetid) ही या खोडकरपणाची सर्वांत गाजलेली रेल्वे. कागदावर ती दोन गावांची साळसूद नावे वाटत; उच्चारली की इंग्रजीत ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ ऐकू येई. तिच्यावरच्या ‘अकिनबॅक’ या नावात इंग्रजी ‘एकिंग बॅक’, म्हणजे पाठदुखी, दडलेली होती. १९७३ मध्ये ॲलन वारले आणि लगेचच लागलेल्या आगीत ती रेल्वे जळाली.

मराठीत आडनावेच अर्धे काम करतात. ‘ढासळकर अँड सन्स, बिल्डर्स’ किंवा ‘गळके टाकी कारखाना’ ही पाटी पहिल्या नजरेला खरी वाटते, दुसऱ्या नजरेला हसवते. नेमका हाच क्रम हवा. लांबूनच ‘हसा’ म्हणणारी पाटी आठवड्याभरात शिळी होते. शिवाय जिथे प्रत्येक वाघिणीचे (मालडब्याचे) माल-कार्ड, म्हणजे कोणता माल कुठे न्यायचा ते सांगणारे कार्ड, काढून गाड्या चालवतात, तिथे नावाला कामही असते: गळक्यांकडे पोलादी पत्रे येणार आणि टाक्या जाणार, हे कार्ड वाचताच कळते. ‘गंमतराव आणि मंडळी’ यांच्या दारात कोणती वाघीण लावायची?

मापाची अडचण वेगळीच. एचओ म्हणजे १:८७. खऱ्या भिंतीवरचे ३० सेंमी उंच अक्षर येथे जेमतेम साडेतीन मिमी भरते, तर १:१६० च्या एन मापात दोन मिमीही नाही. म्हणून नाव आटोपशीर ठेवतात. पाटी फार कोरी दिसली तर विनोद उघडा पडतो. त्यामुळे जुन्या भिंतीवरील जाहिरातीसाठी कागदावर छापलेले नाव मागून सँडपेपरने घासून पातळ करतात आणि पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदाने विटांवर दाबून बसवतात; सांधे कागदातून उमटले की रंग मुरल्यासारखा दिसतो.

मित्रांची आडनावे वापरण्याचा मोह सर्रास आढळतो. आधी विचारलेले बरे. बुडीत पतपेढीच्या पाटीवर आपले आडनाव प्रत्येकालाच रुचेल असे नाही.