इंडक्टर लहान का होत नाही?

लॅपटॉपचा चार्जर, सौर पॅनेलचा इन्व्हर्टर किंवा विद्युत वाहनातील कन्व्हर्टर यांपैकी कोणतीही पेटी उघडून पाहिली, तर सर्वांत जास्त जागा अडवून बसलेल्या भागांत तांब्याच्या तारेचे वेढे दिलेला गडद करड्या रंगाचा एखादा ठोकळा हमखास सापडतो. तो इंडक्टर असतो, नाहीतर त्याचेच भावंड असलेला ट्रान्सफॉर्मर. त्याच पेटीतील ट्रान्झिस्टर पिढ्यान्‌पिढ्या लहान, वेगवान आणि कार्यक्षम होत गेले. इंडक्टरला मात्र ती वाट मोकळी नाही, आणि ती का नाही या प्रश्नात आजच्या पॉवर इलेक्ट्रॉनिक्समधील संशोधनाचा मोठा भाग सामावलेला आहे.

मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवून दिले. पुढच्याच वर्षी जोसेफ हेन्री यांनी नोंदवले, की लांब तारेतून वाहणारा प्रवाह अचानक तोडला तर ठिणगी उडते आणि तीच तार गुंडाळून ठेवलेली असेल तर ठिणगी अधिक जोमदार होते. गुंडाळीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते. प्रवाह तुटू लागताच ते क्षेत्र ओसरते आणि प्रवाह चालू ठेवण्यासाठी हवे तेवढे व्होल्टेज निर्माण करते. प्रवाहातील बदलाला होणारा हा विरोध, म्हणजे इंडक्टरचे प्रवर्तन, ज्या एककात मोजतात, त्याला पुढे हेन्री यांचेच नाव मिळाले.

या विरोधाचा उपयोग कसा होतो, हे १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणाऱ्या साध्या बक कन्व्हर्टरमध्ये नीट दिसते. ट्रान्झिस्टर सेकंदाला एक लाख वेळा, म्हणजे १०० किलोहर्ट्झ वारंवारतेने, चालू-बंद होतो. तो चालू असताना १० मायक्रोहेन्रीच्या इंडक्टरवर ७ व्होल्ट पडतात आणि सुमारे ४.२ मायक्रोसेकंदांत प्रवाह जवळजवळ ३ अँपिअरने वाढतो. तो बंद झाल्यावर इंडक्टर साठवलेली ऊर्जा पुढे ढकलत राहतो आणि प्रवाह तेवढाच उतरतो. विद्युत संकेतांचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर हा प्रवाह ओळीने मांडलेल्या त्रिकोणांसारखा दिसतो. प्रवाह १० अँपिअर असताना या इंडक्टरमध्ये अर्धा मिलिज्यूल ऊर्जा असते, म्हणजे ५० ग्रॅमचे वजन एक मिलिमीटर उचलण्यापुरती. एवढीशी ऊर्जा, पण तिच्यातील चढउतार सेकंदाला लाख वेळा घडत असल्यामुळे त्यातून ५० वॉट सहज पार होतात.

ही ऊर्जा नेमकी कुठे साठते, याचे उत्तर मला या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. बहुतेकांना वाटते की ती फेराइटच्या गाभ्यात, म्हणजे तार ज्याभोवती गुंडाळतात त्या चुंबकीय सिरॅमिकच्या करड्या ठोकळ्यात, असते. प्रत्यक्षात गाभ्याच्या मधल्या पायात जाणूनबुजून एक फट ठेवलेली असते आणि जवळजवळ सगळी ऊर्जा त्या फटीतल्या हवेत असते. चुंबकीय क्षेत्र तेवढेच असताना फेराइटच्या तुलनेत हवेच्या तेवढ्याच आकारमानात दोनेक हजार पट ऊर्जा मावते. फेराइटचे काम फक्त ते क्षेत्र फटीपर्यंत वाहून आणण्याचे. क्षेत्र ०.३ टेस्ला आणि गाभ्याचे क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर धरले, तर वरचा अर्धा मिलिज्यूल साठवायला सुमारे ०.१४ मिलिमीटरची फट पुरते. कागदाच्या पानापेक्षा ती किंचितच जाड असते! फट नसेल तर गाभा फार लवकर संपृक्त होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकीय क्षेत्र मावेनासे होते. मग ऑसिलोस्कोपवरच्या त्रिकोणाचे टोक सुईसारखे वर उसळते आणि प्रवाह वेळीच रोखला नाही तर ट्रान्झिस्टर जळतो. नेहमीच्या मँगनीज-झिंक फेराइटची संपृक्तता २५ अंश सेल्सिअसला सुमारे ०.५ टेस्ला असते, तर १०० अंशांना ती ०.४ टेस्लाच्या आसपास उतरते. त्यामुळे थंड अवस्थेत तपासून पसंत केलेला इंडक्टर तापल्यावर दगा देऊ शकतो.

आता आकाराकडे वळू. इंडक्टरची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी दहापट कमी केली आणि वेढे तेवढेच ठेवले, तर त्याचे प्रवर्तन दहापट घटते. तार आखूड होते खरी, पण तिचा छेद शंभरपट लहान झाल्यामुळे रोध दहापट वाढतो. प्रवर्तन आणि रोध यांचे गुणोत्तर, म्हणजे ऊर्जा उष्णतेत न गमावता इंडक्टर किती काळ सांभाळू शकेल याचे माप, त्यामुळे शंभरपट खालावते. ट्रान्झिस्टर आकसला की सुधारतो आणि इंडक्टर आकसला की बिघडतो. सामग्री कितीही चांगली आणली तरी भूमितीचा हा नियम टळत नाही.

यावर उपाय म्हणून वारंवारता वाढवली जाते. १०० किलोहर्ट्झऐवजी एक मेगाहर्ट्झ घेतला, तर तेवढ्याच चढउतारासाठी १० ऐवजी एक मायक्रोहेन्री पुरतो. गॅलियम नायट्राइड आणि सिलिकॉन कार्बाइडच्या ट्रान्झिस्टरांमुळे हा वेग आता आवाक्यात आला आहे, पण इंडक्टर त्याची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजतो. तांब्यातील प्रवाह ५० हर्ट्झला पृष्ठभागापासून सुमारे ९ मिलिमीटर खोलीपर्यंत पसरतो, १०० किलोहर्ट्झला ती खोली ०.२ मिलिमीटर उरते. म्हणून एका जाड तारेऐवजी केसासारख्या बारीक, स्वतंत्र इन्सुलेशन असलेल्या अनेक तारा पिळून केलेली लिट्झ वायर वापरतात. गाभ्याची उष्णता याहून अवघड आहे. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९२ मध्ये लोखंडातील हिस्टेरिसिसच्या, म्हणजे चुंबकन वारंवार उलटवताना वाया जाणाऱ्या ऊर्जेच्या, ऱ्हासाचे सूत्र दिले आणि त्याचीच विस्तारित रूपे आजही वापरात आहेत. वारंवारता दुप्पट केली की फेराइटमधील ऱ्हास साधारणपणे पावणेतीनपट होतो, असे ती सांगतात. पण ही सूत्रे मोजमापांवर बेतलेली आहेत, मूलभूत सिद्धांतातून काढलेली नव्हेत. आणि कन्व्हर्टरमध्ये येणारे त्रिकोणी तरंग, त्यांवर स्वार झालेला एकदिश प्रवाह आणि तापमान यांच्यापुढे ती अपुरी पडतात.

म्हणूनच प्रिन्स्टन आणि डार्टमथ येथील संशोधकांच्या मॅगनेट प्रकल्पाचे महत्त्व मोठे आहे. त्यांनी निरनिराळ्या फेराइटची, निरनिराळ्या तरंगरूपांची आणि तापमानांची लाखो मोजमापे स्वयंचलित यंत्रणेने घेऊन सर्वांसाठी खुली केली, आणि त्यांवर न्यूरल नेटवर्क शिकवून ऱ्हासाचा अंदाज बांधण्याची खुली स्पर्धा २०२३ मध्ये घेतली गेली. एका सूत्राच्या जागी मोजमापांचा एवढा साठा उभा करावा लागतो, यावरूनच या सामग्रीचे वर्तन किती गुंतागुंतीचे आहे हे कळते.

दुसरीकडे गाभाच काढून टाकण्याचाही प्रयत्न झाला. इंटेलने २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरमध्ये वारंवारता सुमारे १४० मेगाहर्ट्झपर्यंत नेली आणि चिपच्या पॅकेजमध्येच गाभा नसलेले इंडक्टर बसवले. गाभ्यातील ऱ्हास त्यामुळे उरला नाही, परंतु इतक्या वेगाने उघडझाप करताना ट्रान्झिस्टरमध्ये वाया जाणारी ऊर्जा वाढते.

मोठ्या प्रोसेसरांना एक व्होल्टच्या आसपास शेकडो अँपिअर लागतात आणि ही मागणी मायक्रोसेकंदाच्याही आत चढते-उतरते. मागणीबरोबर धावायचे तर प्रवर्तन कमी हवे, आणि प्रवाह शांत ठेवायचा तर जास्त हवे. इथे युग्मित, म्हणजे एकाच गाभ्यावर जोडलेले, इंडक्टर कामाला येतात. एवढा प्रवाह अनेक समांतर कन्व्हर्टरांत वाटून दिलेला असतो, आणि त्यांतील प्रत्येकाला टप्पा म्हणतात. दोन किंवा अधिक टप्प्यांची वेटोळी एकाच गाभ्यावर विरुद्ध दिशांनी गुंडाळली की त्यांच्या स्थिर प्रवाहांची क्षेत्रे एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून काढतात. गाभा संपृक्ततेपासून दूर राहतो आणि लहान होऊ शकतो. टप्पे आळीपाळीने चालू-बंद होत असताना प्रत्येकाला मोठे प्रवर्तन जाणवते, तर मागणी अचानक वाढून सर्व टप्पे एकदम धावू लागले की केवळ गळतीचे, म्हणजे एकमेकांच्या वेटोळ्यांशी न जोडल्या गेलेल्या क्षेत्राचे, लहान प्रवर्तन आड येते. अशी वेटोळी काही मिलिमीटर उंचीत बसवून, सर्किट बोर्डाच्या मागच्या बाजूने थेट प्रोसेसरखाली प्रवाह उभा चढवण्याच्या रचनांवर सध्या जोरात काम चालू आहे, आणि तिथे उरलेल्या प्रत्येक मिलिमीटरसाठी तांबे आणि फेराइट यांच्यात ओढाताण आहे.