जवळचे उपग्रह आणि लांबची गावं

इंदूरमधल्या गच्च्यांवरच्या डीटीएच छत्र्या पाहा, सगळ्यांची तोंडं दक्षिणेकडे असतात. त्यांचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून आकाशात एका जागी थांबल्यासारखे वाटतात. टीव्हीचं यात छान भागतं, त्याला फक्त ऐकायचं असतं. उपग्रहावरून इंटरनेट घ्यायचं तर विचारायचंही असतं. प्रश्न वर जाऊन खाली, उत्तर वर जाऊन खाली, एवढ्यात प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद जातो. व्हिडिओ कॉलवर माणसं एकमेकांचं बोलणं तोडत राहतात.

म्हणून उपग्रह खाली आणले. स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे उपग्रह २०१९पासून साधारण ५५० किलोमीटरच्या आसपास सोडले गेले. इंदूरहून मुंबई रस्त्याने याहून थोडी लांबच पडते. पण इतक्या खाली टिकायचं तर सेकंदाला साडेसात किलोमीटर धावावं लागतं. दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा! आपल्या आकाशात असा उपग्रह काही मिनिटंच असतो, तो मावळण्याआधी दुसरा उगवायला हवा. हजारो उपग्रह लागतात ते यासाठी. वनवेब ही अशीच दुसरी सेवा, तिचे उपग्रह १,२०० किलोमीटरवर असल्याने तिचं सहाशेच्या आसपास उपग्रहांत भागतं. त्यातले ७२ इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने २०२२ आणि २०२३मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडले.

मला सर्वांत देखणा वाटतो तो या उपग्रहांशी बोलणारा घरावरचा चपटा अँटेना. त्यात शेकडो छोटे अँटेना असतात. प्रत्येकाची लहर किंचित मागेपुढे केली की सगळ्यांची मिळून शलाका, म्हणजे सिग्नलचा झोत, हव्या त्या दिशेला वळते. पाटी जागची न हलता धावत्या उपग्रहाचा माग काढते.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. स्टारलिंकच्या अनेक कक्षा विषुववृत्ताशी ५३ अंशांनी कललेल्या आहेत, त्यामुळे त्यांतल्या उपग्रहांची गर्दी लंडनच्या अक्षांशाजवळ होते. २२.७ अंशांवरच्या इंदूरवर ते विरळ असतात. शिवाय उपग्रहाच्या एका शलाकेची क्षमता तिच्या टापूतले सगळे ग्राहक वाटून घेतात. राजवाड्याभोवतीच्या दाट वस्तीला फायबरच परवडेल. पण मध्य प्रदेशातल्याच अलीराजपूरच्या डोंगरांत, जिथे पाड्यांतलं अंतरच मोठं, तिथे केबल नेणं महाग आणि ग्राहक थोडे. तिथल्या शाळेला, दवाखान्याला ही सोय आधी मिळावी असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी मोकळं आकाश हवं, मुसळधार पावसात सिग्नल क्षीण होणार हे धरून चालायला हवं, आणि अँटेना दिवसभर ५० ते १०० वॅट खातो, तेव्हा सौर पॅनेल आणि बॅटरीही सोबतच पोचवावी लागेल.