450 वॅटचा एसएमपीएस खरंच 450 चा असतो का? थोडा मागचा इतिहास

नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) असेंबल पीसीचं कोटेशन घ्यायला गेलं की प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्डवर अर्धा अर्धा तास घासाघीस होते आणि एसएमपीएसची, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायच्या डब्याची ओळ मात्र सगळ्यात खाली, "450 वॅट, कॅबिनेटसोबत" एवढीच. त्या 450 वर लोक डोळे मिटून विश्वास का ठेवतात आणि का ठेवू नये, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

1981 च्या पहिल्या आयबीएम पीसीला 63.5 वॅटचा सप्लाय पुरायचा, 1984 च्या एटी मॉडेलला 192 वॅटचा होता. त्या काळी चिप्स सगळ्या 5 व्होल्टवर चालायच्या, 12 व्होल्टचं काम म्हणजे मुख्यतः ड्राइव्हच्या मोटरी फिरवणं. एटीच्या मदरबोर्डला दोन वेगळे कनेक्टर लावावे लागत, दोन्हीच्या काळ्या वायरी मधे शेजारी शेजारी आल्या पाहिजेत, उलटं लावलं की बोर्ड गेला समजा. आणि बऱ्याच कॅबिनेटमध्ये समोरच्या बटनापर्यंत सरळ 230 व्होल्टची वायर यायची! मागे तो लाल 115/230 चा स्विच, घरातल्या एखाद्या पोट्ट्यानं गंमत म्हणून 115 वर सरकवला आणि पीसी चालू केला की फटाका.

1995 मध्ये इंटेलनं एटीएक्स हे मदरबोर्ड, कॅबिनेट आणि सप्लायचं नवं स्टँडर्ड आणलं, 20 पिनचा एकच कनेक्टर, तोही उलटा बसत नाही, आणि चालू-बंद करायचं काम मदरबोर्डकडे गेलं. म्हणून आजही पीसी बंद असला तरी 5 व्होल्टची स्टँडबाय लाइन चालूच असते.

पण आपल्या 450 चा घोळ सुरू झाला तो 2000 नंतर. पेंटियम 4 आला, त्याची भूक मोठी, 5 व्होल्टवरून तेवढी पॉवर द्यायची तर करंट फारच वाढतो, म्हणून प्रोसेसरची पॉवर 12 व्होल्टवर नेली आणि 4 पिनचा तो छोटा चौकोनी कनेक्टर आला. 2003 च्या एटीएक्स12व्ही 2.0 या सप्लायच्या स्टँडर्डमध्ये 24 पिन आले आणि 12 व्होल्ट हीच मुख्य लाइन झाली. ग्राफिक कार्डही तिच्यावरच. चांगल्या कंपन्यांनी डिझाइन बदललं, स्वस्तवाल्यांनी जुनंच ठेवलं, म्हणजे 3.3 आणि 5 व्होल्टवर भरपूर अँपिअर, 12 वर जेमतेम, आणि सगळ्याची बेरीज करून (कधी कधी तर तीही न करता) डब्यावर 450 छापायचं. एकदा स्टिकर नीट वाचा हो. 12 व्होल्टखाली 16 अँपिअर लिहिलं असेल तर 12 गुणिले 16, म्हणजे 192 वॅट. आजच्या पीसीला खरा उपयोग तेवढ्याचाच.

त्याच सुमारास खराब कॅपॅसिटरची साथ जगभर आली, टोप्या फुगलेले कॅपॅसिटर रिपेअरवाल्यांनी ढिगानं बदलले. तेव्हापासून जाणकार माणूस "जपानी कॅपॅसिटर आहे का" हे विचारतोच.

2004 मध्ये अमेरिकेत 80 प्लस हा वीज कमी वाया घालवणाऱ्या सप्लायला मिळणारा शिक्का सुरू झाला आणि 2008 मध्ये त्यात ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आले. हा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, शॉर्ट सर्किट झालं तर सप्लाय वेळेवर बंद होईल का हे सांगत नाही. शिवाय ही टेस्ट होते 23 अंशाच्या आसपास. आपल्याकडे 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 वर गेला होता राजेहो! त्यामुळे नागपुरात घेताना पूर्ण वॅट किती तापमानाला मोजलेत ते आधी बघायचं, कुठे 30 असतं, कुठे 40, चांगल्यात 50. माझ्या मते ब्राँझ की गोल्ड यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा. 300 वॅट लोडवर दोघांत फरक पडतो साधारण 20 वॅटचा, रोज चार तास धरले तर वर्षाला 29 युनिट, आता तुमच्या बिलाचा दर लावा आणि गोल्डचे जास्तीचे पैसे किती वर्षांत वसूल होतात ते बघा.

इन्व्हर्टरचंही तसंच. लाइट गेल्यावर सप्लायनं 16-17 मिलिसेकंद तग धरावा असं जुन्या एटीएक्समध्ये होतं, स्वस्त मालात आतला मोठा कॅपॅसिटरच लहान टाकतात, मग इन्व्हर्टरवर जाता जाता पीसी रिस्टार्ट. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले (लाइनमधून करंट नीट ओढणारं सर्किट असलेले) काही सप्लाय स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर नखरे करतात, तिथे साइन वेव्हच बरा.

2022 मध्ये एटीएक्स 3.0 आणि 600 वॅटपर्यंतचा 16 पिन कनेक्टर आला, त्याच वर्षी महागड्या कार्डांवर तो वितळल्याचे फोटोही आले, मग सुधारून 12व्ही-2x6 केला. मधल्या रेंजचं 8 पिनवालं कार्ड टाकणार असाल तर यासाठी जास्त पैसे घालायची गरज नाही, जुन्या स्पेकचा 550 वॅट ब्राँझ, 12 व्होल्टवर 40-45 अँपिअर आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेला आरामात चालतो. फक्त पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि कॅबिनेटसोबतचा फुकटचा एसएमपीएस दुकानातच सोडून या.