झोत बिनरंगी, पडदा रंगीत

पिक्चर ट्यूबच्या रंगीत टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत सोडणाऱ्या तीन इलेक्ट्रॉन गन असतात, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक. पण इलेक्ट्रॉनला रंग नसतो, त्यामुळे तिन्ही झोत सारखेच. मग लाल गनचा झोत नेमका लाल ठिपकाच कसा उजळवतो?

हे काम करतो शॅडो मास्क. काचेच्या पडद्यामागे थोड्या अंतरावर बसवलेल्या या पातळ पोलादी पत्र्याला लाखो बारीक छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्रासमोर फॉस्फरचे, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळले की उजळणाऱ्या पदार्थाचे, तीन रंगांचे तीन ठिपके. एकाच झरोक्यातून खोलीत तीन जागी उभ्या असलेल्या तिघांना बाहेरची तीन वेगळी झाडं दिसावीत, तसं इथे घडतं. झोत कोणत्या कोनातून आला, यावरच रंग ठरतो.

हे लाखो ठिपके छिद्रांसमोर अचूक बसवायचे कसे? आरसीए या अमेरिकन कंपनीत हॅरल्ड लॉ यांनी काढलेली तोड मला या सगळ्या यंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. काचेवर फॉस्फर असलेला, प्रकाशाने घट्ट होणारा लेप द्यायचा, मास्क जागेवर बसवायचा आणि पुढे जिथून झोत वळणार आहे तिथेच दिवा ठेवायचा. जिथे प्रकाश पडला तिथेच फॉस्फर टिकतो, बाकीचा धुऊन जातो. दिवा सरकवत हे तीनदा करायचं, प्रत्येक रंगासाठी एकदा. म्हणून प्रत्येक मास्कची जोडी त्याच्याच काचेशी जुळते. आरसीएने अशी ट्यूब 1950 साली जाहीरपणे दाखवली.

किंमतही मोठी होती: सुमारे 80 टक्के इलेक्ट्रॉन मास्कवरच आपटून वाया जातात. चित्र पुरेसं उजळ दिसावं म्हणून मोठ्या ट्यूबला 25 हजार व्होल्टच्या आसपास दाब द्यावा लागे. सोनीने 1968 मध्ये आपल्या ट्रिनिट्रॉन या ट्यूबमध्ये छिद्रांऐवजी उभ्या फटी ठेवल्या, त्यामुळे जास्त इलेक्ट्रॉन पलीकडे पोचू लागले.

झोत फिरवतात ते ट्यूबच्या मानेवरचे योक, म्हणजे चुंबकीय कॉइल. झोत ओळीओळीने चित्र काढतो: भारतातल्या पाल या प्रसारण पद्धतीत सेकंदाला 625 ओळींची 25 चित्रं असत, आधी विषम ओळी आणि मग सम.

चुंबकानेच वळणारा झोत परक्या चुंबकानेही भरकटतो. स्पीकर जवळ ठेवला की पडद्याच्या कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग पडत ते यामुळेच. पृथ्वीच्या चुंबकत्वानेही पोलादी मास्क हळूहळू चुंबकित होतो. म्हणून टीव्ही सुरू करताच डिगॉसिंग कॉइलमधून, म्हणजे चुंबकत्व उतरवणाऱ्या कॉइलमधून, सतत दिशा बदलणारा जोरदार एसी प्रवाह सोडला जातो आणि काही क्षणांत तो विरत जातो. त्यासोबत मास्कचं चुंबकत्वही उतरतं. सुरुवातीला ऐकू येणारा तो ‘धूंऽऽ’ आवाज या कॉइलचा.