पडदा दिसतो, पण बोट कुणाचं चालतं? संगणकावरून मोबाइल चालवण्याची पार्श्वभूमी

मुलं पुण्याला नोकरीला आणि आई-वडील कोल्हापुरात, अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. आईचा मोबाइल कुठं अडला की मुलगा तिकडच्या संगणकावरून तो चालवून देतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतही संगणकासमोरून न उठता मोबाइलवरच्या ऑर्डरींना उत्तरं देता येतात. या सोयीच्या मुळाशी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलचा पडदा दुसरीकडे दाखवणं ही एक. तिकडच्या माणसाचं बोट आपल्या पडद्यावर चालू देणं ही दुसरी, आणि सगळा इतिहास या दुसरीभोवतीच घडला आहे.

बटणांच्या मोबाइलच्या काळात हा प्रश्न नव्हता. हेज कंपनीने 1981 मध्ये मोडेमसाठी (फोनलाइनवरून संगणक जोडणाऱ्या यंत्रासाठी) आणलेल्या ‘एटी’ कमांड, म्हणजे आज्ञा, पुढे जीएसएम मोबाइलनीही उचलल्या. केबल लावून संगणकावरून नंबर फिरवता यायचा, एसएमएस पाठवता यायचा. नोकियाच्या पीसी सूटने तेच काम सामान्य माणसाच्या हाती दिलं. पडदा मात्र मोबाइलवरच राहिला.

दूरचा पडदा हाताळण्याचं तंत्र संगणकांकडून आलं. केंब्रिजच्या ओलिवेट्टी प्रयोगशाळेत 1990 च्या दशकात व्हीएनसी नावाचं सॉफ्टवेअर तयार झालं. पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवायचा आणि उलट दिशेने माउस-कीबोर्डच्या हालचाली न्यायच्या, एवढीच त्याची रीत. ती मोबाइलवर आणताना अडचण आली ती अँड्रॉइडची. 2008 मध्ये बाजारात आलेल्या या प्रणालीत एका ॲपला परस्पर दुसऱ्या ॲपच्या पडद्यावर खोटा स्पर्श करता येत नाही. ती परवानगी फक्त प्रणालीला आणि केबलवरून चालणाऱ्या ‘एडीबी’ या डेव्हलपरांच्या साधनाला असते. म्हणून सुरुवातीची व्हीएनसी ॲप्स मोबाइल रूट करायला, म्हणजे प्रणालीचे सगळे अधिकार मोकळे करायला सांगत. रूट केलं की वॉरंटीचा प्रश्न उभा राहायचा, आणि अनेक बँकांची ॲप्स अशा मोबाइलवर चालतच नाहीत. ही कडक बंदी मला योग्यच वाटते. ती नसती, तर कुठल्याही फुकट्या गेमने परस्पर पैसे पाठवले असते.

2014 च्या अँड्रॉइड 5 ने मालकाच्या संमतीने पडद्याचं चित्रण करण्याची वाट ॲप्सना दिली. बोटाचा प्रश्न सुटला तो एडीबीच्या दारातून. जेनीमोबाइल कंपनीच्या रोमँ व्हिमों यांनी 2018 मध्ये एक मुक्त-स्रोत (ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असं) साधन प्रसिद्ध केलं. त्याचं नाव एस-सी-आर-सी-पी-वाय असं लिहितात आणि ‘स्क्रीन कॉपी’ असं उच्चारतात. केबल जोडली की ते एक छोटा प्रोग्रॅम मोबाइलवर पाठवतं. तो पडद्याचा व्हिडिओ संगणकाकडे धाडतो आणि संगणकावरचे क्लिक मोबाइलवर उतरवतो. रूट नको, मोबाइलवर ॲप बसवणं नको, जाहिराती नाहीत.

डिस्प्ले फुटल्यावर डेटा काढण्यासाठी हे साधन फार उपयोगी पडतं, पण एका अटीवर: यूएसबी डीबगिंग, म्हणजे एडीबीला केबलवरून आत येऊ देणारं बटण, आधीच चालू असायला हवं. ते मुळात बंद असतं. शिवाय अँड्रॉइड 4.2.2 पासून नवा संगणक जोडला की मोबाइल आपल्या पडद्यावर परवानगी विचारतो. पडदाच काळा असेल तर ‘हो’ कुठं दाबणार? शाओमीच्या मोबाइलवर क्लिक उतरण्यासाठी डीबगिंगचंच आणखी एक सुरक्षेचं बटण चालू करावं लागतं. मोबाइल धडधाकट असताना स्वतःच्या संगणकाला परवानगी देऊन ठेवली, तर पुढे फोटो आणि हिशेब वाचतात.

केबल नसताना, म्हणजे पुण्याहून कोल्हापूरचा मोबाइल चालवायचा तर दुसरी वाट लागते: ॲक्सेसिबिलिटी सेवा. दिव्यांग व्यक्तींना मोबाइल वापरता यावा म्हणून केलेली ही सोय. अँड्रॉइड 7 पासून (2016) तिच्यातून पडद्यावर स्पर्शही करता येतो. दूरनियंत्रणाच्या ॲप्सनी तिचा आधार घेतला आणि भामट्यांनीही घेतला. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या दूरनियंत्रणाच्या ॲपच्या आडून होणाऱ्या यूपीआय फसवणुकीबद्दल इशारा दिला. समोरचा माणूस बँकेचा म्हणून बोलतो, ॲप घ्यायला लावतो, त्यात दिसणारा आकडा विचारतो आणि परवानग्या द्यायला सांगतो. ॲप खरंच असतं, आत शिरलेला माणूस खोटा असतो. असा फोन आला तर आकडा सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा. 2022 च्या अँड्रॉइड 13 ने प्ले स्टोअरबाहेरून आलेल्या ॲप्सना ही सेवा सहज मिळू नये अशी तजवीज केली. बँकांची अनेक ॲप्स तर दूरच्या पडद्यावर काळीच दिसतात, कारण आपलं चित्रण होऊ नये अशी खूण त्यांनीच केलेली असते.

कंपन्या स्वतः या कामात उशिरा उतरल्या. मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये विंडोज संगणकाला मोबाइल जोडणारं ‘युवर फोन’ ॲप आणलं, 2019 मध्ये सॅमसंगशी जोडून घेतलं आणि 2022 मध्ये त्याचं नाव ‘फोन लिंक’ केलं. ॲपलने 2024 मध्ये मॅकवरून आयफोन चालवू दिला, पण दोन्हींवर एकच ॲपल खातं हवं आणि फोन जवळच हवा. त्यामुळे कोल्हापुरातल्या आईकडे आयफोन असेल, तर पुण्यातल्या मुलाला बाहेरच्या ॲपमधून तिचा पडदा फक्त बघता येतो. कुठं दाबायचं ते तिथं फोनवरूनच सांगावं लागतं. मुलाकडेही ॲपलचं उपकरण असेल, तर मात्र 2024 च्या आयओएस 18 पासून फेसटाइमच्या कॉलवर आईच्या संमतीने तिचा पडदा चालवताही येतो.