ब्रेकचं पेडल एक, चाकं चार

फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर आयर्टन सेना, त्याची सगळ्यात भारी रेस कोणती असं विचारलं की बहुतेक लोक १९९३ ची डॉनिंग्टन ट्रॅकवरची रेस म्हणतात. ११ एप्रिल, इंग्लंडचा पाऊस, स्टार्टला तो पाचव्या नंबरवर फेकला गेला आणि पहिला लॅप संपायच्या आत शूमाकर, वेंडलिंगर, हिल, प्रॉस्ट या चौघांना मागे टाकून पुढे निघूनही गेला. शेवटी दुसरा आलेला हिल सोडला तर बाकी सगळे एका लॅपने किंवा त्याहून जास्त मागे. पण स्वतः सेना मात्र १९८५ ची एस्टोरिलची रेस वरचढ मानायचा. पोर्तुगाल, तिथेही धो धो पाऊस आणि त्याचा फॉर्म्युला वनमधला पहिलाच विजय. फरक एवढाच की त्याच्या ८५ च्या लोटस गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल (अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर चाकं जागच्या जागी गरगरू नयेत म्हणून ताकद आवरणारी सिस्टिम) नव्हतं, ९३ च्या मॅक्लारेनमध्ये होतं. पुढे १९९४ ला फॉर्म्युला वनने ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम), अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन (कॉम्प्युटरने चालणारं सस्पेन्शन) सगळंच बंद केलं.

मग हे सगळं इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे ड्रायव्हरची चीटिंग का? मला अजिबात तसं वाटत नाही, पण ते कळायला आधी टायरकडे बघावं लागतं, कारण गाडीत काहीही बसवा, रस्त्याला टेकतात फक्त चार टायर आणि प्रत्येकाचा टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा.

टायरची पकड ठराविक असते. महिन्याचा पगार एकच आणि त्यातूनच हप्ता पण द्यायचा, किराणा पण भरायचा, तसं टायरला एकाच ग्रिपमधून ब्रेक पण मारायचाय आणि वळायचं पण आहे. सगळी ग्रिप ब्रेकवर खर्च केली तर वळायला काही उरतच नाही. दुसरी गोष्ट, सगळ्यात जास्त पकड चाक अगदी नीट फिरत असताना मिळत नाही, थोडं घसरत असताना मिळते! कोरड्या डांबरावर चाक गाडीच्या वेगापेक्षा साधारण १० ते २० टक्के हळू फिरत असेल तेव्हा ब्रेकिंग सगळ्यात जोरात होतं. त्याच्या पुढे गेलं की चाक लॉक, म्हणजे फिरायचंच थांबतं, पकड कमी आणि स्टिअरिंग कितीही फिरवा, घसरणारा टायर ज्या दिशेला निघालाय तिकडेच जातो.

एबीएस (बॉशने बनवलं, १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं) चाकाला याच १०-२० टक्क्यांच्या आसपास ठेवतं, सेकंदाला दहा-पंधरा वेळा ब्रेकचं प्रेशर सोडून परत देऊन. लोकांना वाटतं ते गाडी लवकर थांबवण्यासाठी असतं, पण त्याचं खरं काम म्हणजे फुल ब्रेक मारलेला असताना स्टिअरिंग चालू ठेवणं. सैल खडीवर तर एबीएसमुळे गाडी उलट जास्त अंतर घेते, कारण लॉक झालेलं चाक पुढे खडीचा ढीग करून थांबायला मदत करतं, तो ढीग एबीएस होऊच देत नाही.

आता कोरड्या, सपाट ट्रॅकवर एखादा कसलेला ड्रायव्हर पायाच्या अंदाजाने एबीएसच्या जवळपास पोचू शकतो. पण डावी चाकं रस्त्याकडेच्या ओल्या मातीवर आणि उजवी कोरड्या डांबरावर असतील तर? पेडल एकच आहे. डावीकडे कमी, उजवीकडे जास्त असा ब्रेक जगातला कुठलाच पाय मारू शकत नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच, कॉम्प्युटर ड्रायव्हरपेक्षा फास्ट आहे हे तर आहेच, पण त्याच्याकडे चार वेगळे ब्रेक आहेत आणि ड्रायव्हरकडे एक.

स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी, याच जोरावर चालतं. १९९५ मध्ये ते पहिल्यांदा विकायच्या गाडीत आलं, परत मर्सिडीज आणि बॉश. स्टिअरिंग किती फिरवलंय यावरून ड्रायव्हरला कुठे जायचंय ते कळतं, गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळतेय ते एक छोटा सेन्सर सांगतो, आणि दोन्ही जुळत नसलं की सिस्टिम मध्ये पडते. समजा उजव्या वळणावर मागची चाकं सुटली आणि गाडीची शेपूट डावीकडे बाहेर निघाली, तर ती फक्त डावं पुढचं चाक ब्रेक करते, त्या ओढीने गाडीचं नाक परत डावीकडे येतं आणि फिरणं थांबतं. तेच गाडी वळायलाच तयार नसेल, सरळ पुढे चालली असेल, तर आतलं मागचं चाक. माणूस अशा वेळी उलट स्टिअरिंग मारतो, तोही सावध असला तर आणि घाबरून जास्त मारलं नाही तर.

आणि तरीही ही सिस्टिम ग्रिप निर्माण करत नाही. आहे ती वाटून देते, बस्स. ताशी १०० ने चाललेली गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण ४४ मीटरमध्ये थांबते, १२० ला ६३ लागतात, आणि ओल्या रस्त्यावर पकड निम्म्याच्या आसपास आली की १०० ला सुद्धा ९० च्या जवळ जातं, शिवाय ब्रेकवर पाय जाईपर्यंतचे पंचवीस-तीस मीटर वेगळेच. हे गणित कुठल्याच सॉफ्टवेअरला बदलता येत नाही.

पोर्शेची करेरा जीटी आठवा. ५.७ लिटरचं व्ही१० इंजिन, सहाशेच्या वर हॉर्सपॉवर, एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल होतं पण स्टॅबिलिटी कंट्रोल नव्हतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॉलिवूडचा अभिनेता पॉल वॉकर याच गाडीच्या अपघातात गेला, शेजारच्या सीटवर होता, आणि चालवणारा त्याचा मित्र रेसिंगचा अनुभव असलेला. तपासात निघालं ते म्हणजे ७२ च्या लिमिटच्या रस्त्यावर ताशी १३० ते १५० चा वेग आणि साधारण नऊ वर्षं जुने टायर. टायरची नक्षी चांगली दिसत असली तरी रबर वर्षांनी कडक होतं, ग्रिप जाते. हातात कौशल्य होतं, पण ते वापरायला टायरमध्ये काही शिल्लकच नव्हतं.

हल्लीच्या सुपरकारमध्ये प्रकार अजून पुढे गेलाय. फेरारीने २०१३ मध्ये ४५८ स्पेचालेत साइड स्लिप कंट्रोल दिलं, गाडी किती तिरकी चाललीय ते क्षणाक्षणाला मोजून इंजिनची ताकद आणि मागच्या चाकांमधली वाटणी त्यानुसार बदलणारं. म्हणजे नवशिक्या माणसाला पण ड्रिफ्ट (गाडी मुद्दाम तिरकी घसरवत वळवणं) जमतो, आणि खरं सांगू, मला इथे काळजी वाटते. गाडी इतक्या सफाईने सावरते की आपण लिमिटच्या किती जवळ होतो ते कळतच नाही, आणि मग पुढच्या वेळी माणूस अजून दहाने वेग वाढवून त्याच वळणावर येतो.

जीटी३ रेसमध्ये (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या गाड्यांच्या) एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही चालतात, पण ड्रायव्हर स्टिअरिंगवरचे नॉब फिरवत बसलेले असतात, टायर झिजले की एक स्टेप वर, पाऊस आला की अजून वर. मदत किती घ्यायची हे ठरवायला टायरची अवस्था सीटमधून ओळखता यायला लागते, आणि हेच तर ड्रायव्हिंग.

आपल्या साध्या गाडीत नॉब नसतो, पण ईएससी असेल तर डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा असतो. चालवताना तो लुकलुकला म्हणजे आत्ता आपल्याला वाचवलं गेलंय. रस्ता कोरडा, वेग साधा आणि तरी तो वारंवार लागत असेल तर आधी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन बनवल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष.