‘लाइट’ सिगारेट कमी घातक नसते

“आता लाइट घेतो, तेवढंच नुकसान कमी” हे अजूनही ऐकू येतं. ही समजूत आपोआप पसरलेली नाही, ती जाहिरातींनी पसरवली.

लाइटची मुख्य करामत फिल्टरभोवतीच्या कागदात आहे. त्याला बारीक छिद्रं असतात. टार (धुरातला चिकट, घातक पदार्थ) मोजणारं यंत्र ठरावीक झुरका घेतं, छिद्रांतून हवा शिरते, धूर विरळ होतो आणि आकडा कमी येतो. माणूस काही यंत्र नव्हे. त्याचे ओठ, बोटं नेमकी त्या छिद्रांवर येतात. शिवाय तलफ भागली नाही की झुरका खोल जातो, नाहीतर आणखी एक पेटते. कंपन्यांना हे ठाऊक होतं, असं अमेरिकेतल्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी २००६ च्या निकालात नोंदवलंय. २०१० मध्ये तिथे पाकिटावर ‘लाइट’, ‘माइल्ड’ छापायला बंदी आली. मग तोच माल सोनेरी-रुपेरी पाकिटांतून विकला जाऊ लागला. (हुशारी म्हणायची की निगरगट्टपणा?)

अमेरिकी सर्जन जनरलच्या (सार्वजनिक आरोग्यावर सरकारतर्फे बोलणारा प्रमुख अधिकारी) २०१४ च्या अहवालाने तर फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमाचा (कर्करोगाचा एक प्रकार) वाढलेला धोका सिगारेटच्या बदललेल्या रचनेशी जोडलाय. संशयितांत ही छिद्रंही आहेत.